कोंडवाडा आणि आपली चराई
(मालेगाव तालुक्यातील वनहक्क बैठकीतले बोलणे)



आमचं ढोर जंगलात दिसलं की कोंडवाड्यात जातं. दंड भरा, वर चारापाण्याचा खर्च. नाही भरला तर लिलाव. हा कायदा इंग्रजांनी 1871 साली केला. 1927 च्या वन कायद्यानं, कलम 70 मध्ये, तो राखीव जंगलाले लावला. ढोर शिरलं म्हणजे नुकसान झालंच, असं धरतात.

पण 2006 च्या वनहक्क कायद्यात, कलम 3 मध्ये, चराई हा सामूहिक हक्क लिहिला आहे. तो घरबसल्या मिळत नाही. दावा ग्रामसभेतूनच सुरू होतो. म्हाताऱ्यांना, गुराख्यांना विचारून चराईच्या वाटा, पाणवठे नकाशावर मांडू. बापाजाद्यांच्या दंडाच्या जुन्या पावत्या पेटीतून काढा, दाव्याला जोडू. दंड भरला म्हणजे ढोरं तिथंच चरत होती ना!