सूक्ष्म नमुना आणि निरपराध माणूस

(व्याख्यानाचा सारांश)



आम्ही न्यायवैद्यक प्रयोगशाळेत काम करणारी मंडळी. डीएनए चाचणीने गुन्हेगार सापडतो, हे आपण वाचता. पण १९८४ साली इंग्लंडमध्ये अ‍ॅलेक जेफ्रीज यांनी शोधलेल्या या तंत्राने पहिल्याच खून प्रकरणात आधी एका निरपराध तरुणाला सोडवले. त्याने पोलिसांपुढे कबुली दिलेली होती!

तेव्हा चाचणीसाठी मोठा डाग लागे. पुढे पीसीआर पद्धतीने डीएनएच्या असंख्य प्रती काढता येऊ लागल्या. आता वस्तूला हात लागल्याने राहिलेल्या मोजक्या पेशींवरही काम होते. एका ग्रॅमचे लाख कोटी भाग केले, तर त्यांतील सहा-सात भाग इतकाच डीएनए एका पेशीत असतो.

मात्र चाचणी जितकी सूक्ष्म, तितकी परक्या पेशींची भेसळ घातक. जर्मनीतील हाइलब्रॉन येथे २००७ साली एका महिला पोलिसाचा खून झाला. तेथे मिळालेला एका अज्ञात स्त्रीचा डीएनए सुमारे चाळीस गुन्ह्यांत आढळला. पोलीस तिला शोधत राहिले. फिरस्त्या रोमा समाजावरही संशय घेतला गेला. २००९ साली उलगडा झाला. तो डीएनए नमुना घेण्याचे कापसाचे बोळे बांधणाऱ्या कामगार स्त्रीचा होता! बोळे निर्जंतुक होते. पण जंतू मेले तरी डीएनए उरतो. २०११ साली खुनाचा माग वंशद्वेषी टोळीपर्यंत पोहोचला.

१८७१ च्या कायद्याने ज्यांच्या कपाळी जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला, त्या जमाती आपल्याकडेही आहेत. म्हणून हा प्रश्न केवळ यंत्रांचा नाही.

उपाय साधे आहेत. साहित्य डीएनएमुक्त असावे. त्यासाठी २०१६ साली आंतरराष्ट्रीय मानकही ठरले. प्रत्येक चाचणीसोबत कोरा नमुना तपासावा. नमुना हाताळणाऱ्या सर्वांचे, आमचेसुद्धा, डीएनए नोंदवून ठेवावेत. प्रती काढण्यापूर्वीची आणि नंतरची खोली वेगळी असावी. शक्य तेव्हा नमुन्याचा काही भाग फेरतपासणीसाठी राखावा. आणि अहवालात स्पष्ट लिहावे की, डीएनए कोणाचा असावा हे चाचणी सांगते. तो तेथे कसा आला, हे सांगत नाही. कारण हस्तांदोलनातूनही एकाच्या पेशी दुसऱ्याच्या हाती जातात.

बंधु-भगिनींनो, आपल्या मुलामुलींनी हे शास्त्र शिकावे, प्रयोगशाळेत यावे. वकील झालेल्यांनी न्यायालयात विचारावे, 'कोरा नमुना तपासला होता काय?' या प्रश्नाचा आम्हाला राग येणार नाही. त्याने आमचे काम चोख होईल आणि निरपराधाची मान वाचेल.