कान तयार करायचा तर



आज एकच मुद्दा मांडतो. इंग्रजीचा धडा वाचून समजतो, पण तेच कोणी बोलले की डोक्यावरून जाते, ही तक्रार नववी-दहावीत घरोघरी ऐकू येते. दोष शब्दसंग्रहावर टाकला जातो. पण पुष्कळदा शब्द पाठ असतात, कानाला मात्र ते ओळखू येत नाहीत. 'फोटोग्राफ'मध्ये जोर पहिल्या अक्षरावर असतो. 'फटॉग्रफर' म्हणताना तो दुसऱ्यावर सरकतो आणि शेजारचे स्वर पुसट होतात. मराठीत असा आघात सरकत नाही, म्हणून आपला कान तिकडे लक्षच देत नाही. वर्कर आणि टीस या संशोधकांनी १९८४ साली दाखवले, की इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या सहा-आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतल्या 'त' आणि 'ट'मधला फरक कळतो. वर्षाची होता होता बहुतेकांना तो कळेनासा होतो. रोज जे ऐकावे, त्यासाठीच कान तयार होतो.

मग आता उशीर झाला का? नाही. मिटरर आणि मॅक्वीन या संशोधकांनी २००९ साली डच विद्यार्थ्यांना अनोळखी धाटणीचे इंग्रजी ऐकवले. ज्यांच्यासमोर पडद्यावर तेच बोलणे इंग्रजी अक्षरांत होते, त्यांचा कान सुधारला. ज्यांच्यासमोर डच भाषांतर होते, त्यांना नवी वाक्ये ऐकताना उलट अडचण झाली. म्हणजे मोठेपणीही कान शिकतो, पण ऐकण्याची रीत योग्य हवी. 'आम्ही रोज इंग्रजी सिनेमे बघतो' म्हणणाऱ्यांनी खाली हिंदी ओळी वाचल्या असतील, तर त्यांचे डोळे दमले, कान रिकामाच राहिला.

कोणी म्हणेल, दहावीला लेखी परीक्षेचे वजन जास्त, ऐकायला वेळ कुठून आणायचा? दहा मिनिटे पुरतात. एक छोटे बातमीपत्र आधी नुसते ऐका, मग मजकूर समोर ठेवून, मग पुन्हा नुसते. ऐकलेले वाक्य वहीत उतरवले, तर लेखनाचाही सराव होतो. शिवाय पुढे महाविद्यालयात इंग्रजीतले व्याख्यान ऐकता ऐकताच टिपणे काढावी लागतात. तिथे प्राध्यापक प्रत्येक वाक्य पुन्हा सांगत नाहीत.

मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले २००० साली. पाठ्यपुस्तक लवकर हाती आले, पण कानाची तयारी मागेच राहिली. म्हणून शिक्षकांना एक विनंती: नवा धडा पहिल्यांदा पुस्तके मिटवून ऐकवा. विद्यार्थी अडखळतील, अडखळू द्या.