यंत्राचा ठेका, माणसाचा हात

घरांतल्या रेडिओवर जें नीट ऐकूंच येत नाहीं, त्या संगीताविषयीं रेडिओवरच बोललें जावें, हा योग थोडा गमतीचा आहे. परंतु ‘ड्रम अँड बेस’ या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या इंग्लंडमधील संगीताची गोष्टच तशी आहे. त्याचा खर्ज इतका खोल असतो कीं, दिवाणखान्यांतल्या चिमुकल्या कर्ण्यांतून तो पुरता बाहेर पडूंच शकत नाहीं. सेकंदाला ५० कंपनें असलेल्या नादाची एक लाट सुमारें २२ फूट लांब भरते. एवढी लाट जोरानें उठवावयाची तर माणसाच्या उंचीएवढे कर्णे रचावे लागतात, आणि दालनहि तसेंच ऐसपैस लागतें. तेथें मग तो खर्ज कानांच्या आधीं तळपायांना आणि बरगड्यांना समजतो. म्हणून दौऱ्यावर निघालेला एखादा वाद्यवृंद रंगमंचावर वाजवीत असतां समोर उभें राहूनच हें संगीत ऐकावें, असें त्याचे रसिक सांगतात. त्यांचें म्हणणें खरें आहे. मात्र त्याचें कारण केवळ खर्ज नव्हे.

हें संगीत १९९० नंतरच्या दोन-चार वर्षांत लंडन, ब्रिस्टल यांसारख्या शहरांत रूपास आलें. ड्रमचा ठेका मिनिटाला १७० ते १७५ मात्रांच्या वेगानें धांवत असतो. त्याच्या पायाशीं खर्जाची हालचाल मात्र निम्म्या लयींत, सावकाश चाललेली. आपल्याकडील श्रोत्याला हें उमजावयास फार वेळ लागूं नये. ठुमरीच्या अखेरीस दुगुणींत सुटलेली लग्गी आणि तिच्यावर आपल्या चालीनें चाललेलें गाणें, ही जोडी त्याच्या कानांत मुरलेलीच आहे. नाचणारे लोकहि बहुधा खर्जाबरोबर निम्म्या लयींतच डुलतात. कांहीं उत्साही तरुण वरच्या ठेक्यामागें पाय पळवूं पाहतात, आणि दहा मिनिटांत घामाघूम होऊन भिंतीला टेकतात.

आतां तो ठेका आला कोठून? अमेरिकेंतील वॉशिंग्टन शहराचा ‘द विन्स्टन्स’ नांवाचा एक वृंद होता. १९६९ सालीं त्याची एक तबकडी निघाली. पुढच्या बाजूचें ‘कलर हिम फादर’ हें गाणें चांगलेंच गाजलें. मागच्या बाजूला ‘आमेन, ब्रदर’ नांवाची एक वाद्यरचना होती. तिच्या मध्यावर बाकीचे सारे वादक थांबतात आणि ग्रेगरी कोलमन हा ड्रमवादक एकटाच चार आवर्तनें वाजवितो. सारा प्रकार सहा-सात सेकंदांचा. पहिलीं दोन आवर्तनें सरळ आहेत. पुढें एक जोरकस आघात तो किंचित् उशिरा टाकतो. आणि चौथ्या आवर्तनाची पहिली मात्रा, आपल्याकडे जिला सम म्हणतील ती, चक्क मोकळी सोडून देतो व मोठी झांज अपेक्षेच्या आधींच वाजवितो.

पुढें ध्वनीचा तुकडा पकडून साठविणारीं यंत्रें स्वस्त झालीं. त्यांना सँप्लर म्हणतात. पोरसवदा संगीतकारांनीं त्या सहा-सात सेकंदांचे, शिंप्यानें कापड बेतावें तसे, तुकडे पाडले: पायानें वाजणारा मोठा ड्रम निराळा, खालीं तारा ताणलेला स्नेअर निराळा, झांज निराळी. मूळचा वेग मिनिटाला १३६ मात्रांच्या आसपास होता, तो सव्वापटीवर नेला. तुकड्यांची उलटापालट करून असे ठेके रचले कीं, दोन हात आणि दोन पाय असलेल्या माणसाला ते वाजवितां येतील हें कोणाला खरें वाटूं नये. मिनिटाला १७४ मात्रा आणि एकेका मात्रेचे चार भाग, असा हिशेब केला तर सेकंदाला अकराहून अधिक जागा भरतात. त्यांत पुन्हा कांहीं आघात जोराचे, तर कांहीं नखाचा स्पर्श व्हावा इतके हलके. यंत्राला याचे कष्ट नाहींत. तें थकत नाहीं, आणि घामानें त्याच्या हातांतून काठीहि निसटत नाहीं.

अशा स्थितींत ब्रिस्टलच्या रॉनी साइझ यानें जें केलें तें धाडसाचेंच म्हटलें पाहिजे. जमैकाहून इंग्लंडांत येऊन राहिलेल्या आईबापांचा हा मुलगा. योगायोग असा कीं, त्याचा जन्महि १९६९ चाच. क्रस्ट, डाय व सुव्ह या मित्रांबरोबर त्यानें ‘फुल सायकल’ ही तबकड्या काढणारी संस्था सुरू केली, आणि मग ‘रिप्रेझेंट’ नांवाचा वृंद उभारला. या वृंदाचा ‘न्यू फॉर्म्स’ हा संग्रह १९९७ सालीं निघाला व त्याच वर्षीं त्याला इंग्लंडांत मानाचें समजलें जाणारें मर्क्युरी पारितोषिक मिळालें. स्पर्धेंत रेडिओहेडचा ‘ओके कॉम्प्युटर’ होता, हें सांगितलें म्हणजे जाणकारांना निकालाचें मोल कळेल.

परंतु पारितोषिकाहून दौरा कठीण होता. तोंवर या संगीताचा कार्यक्रम म्हणजे बहुतेक ठिकाणीं टेबलामागें उभा राहून तबकड्या फिरविणारा एक गृहस्थ. त्याच्याकडे पाहावयाचें तरी काय? रिप्रेझेंटनें खरा ड्रमसंच मांडला व त्यावर क्लाइव्ह डीमर याला बसविलें. साय जॉन याच्या हातीं पुरुषभर उंचीचा डबल बेस दिला. ऑनाली ही गायिका आणि लयीवर शब्द फेकणारा डायनामाइट यांना पुढें उभें केलें. यंत्रेंहि होतींच.

अशा कार्यक्रमांत प्रेक्षकाचें लक्ष प्रथम दिव्यांच्या झगमगाटाकडे जातें आणि तें स्वाभाविक आहे. पण थोड्या वेळानें तें ड्रमवादकाच्या हातांवर येऊन ठरतें. एवढा गदारोळ चालला असतां त्याचे हात हवेंत उंच जात असतील ही अपेक्षा फोल ठरते. वेग वाढला कीं हात लहान होतो. द्रुत लयींत मुरलेल्या तबलजीचीं बोटें जशीं चामड्यापासून फारशीं उठतच नाहींत, तशाच या काठ्या. डावा हात स्नेअरवर जे हलके आघात सारखे पेरीत असतो ते मागच्या रांगेपर्यंत सुटे सुटे ऐकूंहि येत नाहींत, पण ते काढून घेतले तर ठेक्यांतला जीवच जाईल. कांहीं वृंदांत वादकाच्या कानांत एक बारीक टिकटिक चालू असते; बाजूचें यंत्र तिच्याशीं बांधलेलें, म्हणून त्यालाहि तिच्याशीं बांधून घ्यावें लागतें. क्षणभर मागें पडला तर यंत्र त्याच्यासाठीं थांबणार नाहीं. तरीहि त्याचे कोणतेहि दोन आघात तंतोतंत सारखे पडत नाहींत, आणि दालनांतल्या मंडळींना जी धुंदी चढते ती त्यामुळेंच. एका माणसाचें वाजविणें यंत्रानें कापलें. तें कापलेलें वाजविणें दुसऱ्या माणसानें घाम गाळून पुन्हा हाताला शिकविलें.

स्वित्झर्लंडच्या जोजो मेयर या ड्रमवादकानें न्यूयॉर्कमध्यें राहून याच एका साधनेवर आपलें नांव केलें. ऑस्ट्रेलियांतील पर्थ येथें २००२ सालीं निघालेल्या ‘पेंड्युलम’नें पुढें गिटार व गायन यांची जोड दिली, गर्दीहि अमाप खेचली, त्या गोंगाटांत ठेक्याची नक्षी मात्र बरीचशी बुजते. लंडनच्या तल्विन सिंग यानें तबलाच या संगीताशेजारीं नेऊन बसविला, आणि १९९९ चें मर्क्युरी पारितोषिक त्याला मिळालें.

या मैफलींतली एक रीत मराठी माणसाला विशेष जवळची वाटेल. जमैकाच्या रिवाजाप्रमाणें, एखादी जागा रंगली कीं लोक आरोळ्या ठोकतात आणि तबकडी मागें फिरवून रचना पुन्हा पहिल्यापासून लावली जाते. संगीत नाटकांतल्या ‘वन्स मोअर’चाच हा भाऊबंद. तबकडीला मागें फिरविणें सोपें. जिवंत वृंदाला तें करावयाचें तर साऱ्यांनीं एका इशाऱ्यावर थांबावें लागतें आणि दमलेल्या हातांनीं तोच वेग पहिल्या आघातापासून पुन्हा गांठावा लागतो.

अखेरीस टाळ्यांचा मोठा वांटा ड्रमवादकाला मिळतो, आणि तो त्याच्या हक्काचा आहे. मूळ ठेक्याच्या धन्याची हकीकत निराळी झाली. ‘आमेन, ब्रदर’चे ते सेकंद पुढें हजारों ध्वनिमुद्रणांत वापरले गेले. विन्स्टन्सचा प्रमुख रिचर्ड स्पेन्सर याला ही गोष्ट १९९६ च्या सुमारास कळली, तेव्हां कायद्यानें दाद मागण्याची मुदत टळून गेली होती. २०१५ सालीं एका इंग्रज तबकडीवादकानें चाहत्यांकडून लोकवर्गणी काढून सुमारें २४,००० पौंड जमविले व ते स्पेन्सरच्या हवालीं केले. ग्रेगरी कोलमन त्याआधींच, २००६ सालीं, अटलांटा शहरांत बेघर अवस्थेंत वारला होता. त्या चार आवर्तनांच्या वापराबद्दल त्याला एक पैसाहि मिळालेला नव्हता.