बॅटरी नवी, दुखणे जुने
(कासारवाडी येथे झालेल्या सेवाकार्याच्या मदतनिसांच्या मेळाव्यातील भाषण)



मला भाषणाची सवय नाही. मी गाड्यांच्या वायरिंगचे काम करणारा माणूस. पाळकसाहेब म्हणाले, “व्हॅनबद्दल बोला, लोक दर महिन्याला तिच्यासाठी देणगी देतात, पण आत काय चालते ते त्यांना कळत नाही.” म्हणून उभा राहिलो आहे. काही समजले नाही तर मधेच विचारा, मला राग येत नाही.

आपली व्हॅन साधी नाही. तिच्या मागच्या दारात चाकाची खुर्ची वर घेणारी लिफ्ट आहे. आठवड्यातून एकदा ती इथून निघते, नाशिक फाटा, भोसरी, चाकण, राजगुरुनगर, मंचर करत घोडेगावला जाते आणि तिथून पुढे डिंभ्याच्या धरणाच्या वरच्या अंगाला, महादेव कोळी आणि ठाकर वस्त्यांकडे. इथून घोडेगाव साठ-पासष्ट किलोमीटर. त्यापुढचा रस्ता किलोमीटरमध्ये मोजू नये, खड्ड्यांत मोजावा.

आपल्या भागाला चाकाची खुर्ची नवी नाही. लोकलने दापोडी सोडली की खडकी. तिथे पाठीच्या कण्याला मार लागलेल्या जवानांचे पुनर्वसन केंद्र आहे. वानवडीचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून चालू आहे. आता कासारवाडीच्या मेट्रो स्टेशनलाही लिफ्ट आहे, खुर्चीतला माणूस फलाटापर्यंत जातो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तर वाहतुकीची सोय हा हक्क म्हणून लिहिला आहे. पण हिरड्याच्या झाडावरून पडून कमरेखाली लुळा झालेला माणूस पाड्यावर असतो. त्याच्या दारापर्यंत हा हक्क कोणी न्यायचा? सध्या तरी आपली व्हॅन नेते, आणि व्हॅन बॅटरीवर अवलंबून.

आता बॅटरीचे गणित. गाडीला सेल्फ मारताना बॅटरीतून साधारण २०० अँपिअर जातात, पण दोनच सेकंद. लिफ्ट वर चढताना तिचा पंप ८० अँपिअरच्या आसपास ओढतो, पण वीस सेकंद. गुणाकार करून पाहा: माणूस एकदा वर घ्यायचा म्हणजे चार वेळा सेल्फ मारण्याइतकी वीज गेली. खाली येताना मात्र लिफ्ट वजनानेच उतरते, तेव्हा खर्च जवळजवळ नाही. एका पाड्यावर पाच जणांना वर घेतले आणि इंजिन बंद असेल, तर वीस वेळा सेल्फ मारल्यासारखे झाले. म्हणून ड्रायव्हरमामांना माझे पहिले सांगणे असे की लिफ्ट चालवताना इंजिन चालू ठेवा. डिझेल वाचवायला बंद करू नका. फक्त धूर मागच्या दारापाशी खुर्चीतल्या माणसाच्या तोंडावर जाणार नाही अशी गाडी वाऱ्याला धरून लावा.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट सांगतो. पुष्कळांनी ती अर्धवट ऐकली आहे आणि मंडळीत तिचे तीन प्रकार फिरतात. मी दुकानात होतो, दहाच्या सुमारास ड्रायव्हरमामांचा फोन आला. “मिस्त्री, लिफ्ट मधेच थांबली. बाबा वरच हायेत. पाऊस लागलाय.” बाबा म्हणजे तेच, हिरड्यावरून पडलेले. पाठीच्या खाली दाबाची जखम झालेली, तिच्या मलमपट्टीसाठी आणि लघवीची नळी बदलण्यासाठी रुग्णालयाची तारीख होती. केसपेपर दुपारी बंद होतो. खुर्ची जमिनीपासून दोनेक फूट वर, पुढे नाही, मागे नाही. बाबांची बायको खालून खुर्चीचे चाक धरून उभी.

मी विचारले, “सेल्फ लागतो का?” मामा म्हणाले, “गाडी चालूच हाय. हॉर्न बी खणखणीत.” मग म्हटले, आधी वर चढवायच्या भानगडीत पडू नका, खाली घ्या. लिफ्टच्या पंपाला हाताने चालवायचा एक दांडा असतो. त्याच्या एका टोकाला खाच असते, तिने व्हॉल्व्ह अर्धा फेरा हळू सोडला की लिफ्ट विजेशिवाय खाली येते. तोच व्हॉल्व्ह घट्ट करून दांडा पंपात घातला आणि वरखाली केला की हाताने वरही जाते. पण दांडा सापडेना. पाड्यावर वाटायला नेलेल्या घोंगड्यांच्या सहा पोत्यांखाली तो होता. पोती बाहेर काढली, दांडा मिळाला, व्हॉल्व्ह सुटला आणि बाबा जमिनीवर आले. यात पंचवीस मिनिटे गेली. पुढे हाताने पंप मारण्याइतका धीर कोणाला उरला नाही. पाड्यावरच्या चार पोरांनी बाबांना उचलून आत ठेवले. जखम असलेल्या माणसाला असे उचलणे चांगले नाही, हे सिस्टर तुम्हाला माझ्यापेक्षा नीट सांगतील. रुग्णालयात पोहोचेपर्यंत खिडकी बंद झाली होती. बाबांची मलमपट्टी पुढच्या आठवड्यावर गेली.

आता खरी गोष्ट ही की त्याआधी दोनच महिने गाडीला नवी बॅटरी बसवली होती. लिफ्ट सुस्त झाली अशी तक्रार होती, एका दुकानात गाडी नेली, त्यांनी मीटर न लावता “बॅटरी गेली” म्हणून सांगितले आणि तुमच्या देणगीतले पैसे घेतले. आपल्याकडे ही रीतच पडली आहे. काही बिघडले की बॅटरी बदला. माझ्या मते मीटर लावल्याशिवाय बॅटरी बदलणे म्हणजे नाडी न बघता सलाईन लावणे.

गाडी परत आली तेव्हा मी मीटर लावला. इंजिन बंद, बॅटरी १२.६ व्होल्ट, म्हणजे भरलेली. लिफ्टवर वजन ठेवून पंप चालवला. बॅटरीच्या टोकांवर ११.९ राहिले, तेही ठीक. पण पंपाच्या टोकांवर पाहिले तर फक्त ८.७! मधले ३.२ व्होल्ट कुठे गेले? मीटरची एक तार बॅटरीच्या लाल टोकाला आणि दुसरी पंपाच्या लाल टोकाला लावली: ०.४ व्होल्ट, एवढे चालते. मग काळ्या बाजूला तसेच केले: २.८ व्होल्ट. चोर सापडला. पंपाची अर्थिंग मागच्या चासीला एका बोल्टने लावलेली होती, फळीच्या खाली, चाकाने उडालेले पाणी थेट जिथे बसते तिथे. भीमाशंकरच्या बाजूच्या पावसात तीन वर्षे फिरलेली गाडी. बोल्ट काढला तर लग हिरवा पडलेला, पत्रा गंजलेला, तार आतून काळी. इंजिनाची अर्थिंग वेगळी आणि चांगली होती, म्हणून सेल्फ झटक्यात लागत होता आणि सगळे चकत होते.

दुरुस्तीला खर्च किती आला? पत्रा घासून चकचकीत केला, नवी जाड तार थेट बॅटरीच्या काळ्या टोकापर्यंत ओढली, लग दाबून बसवले, वर ग्रीस लावले. दुकानातल्या नव्या बॅटरीच्या पावतीपुढे हा आकडा सांगायलाही लाज वाटेल एवढा लहान. जुनी बॅटरी कदाचित अजून वर्षभर चालली असती.

एक दुसरे दुखणे होते, ते लपून बसणारे. गाडी चार दिवस अंगणात उभी राहिली की पाचव्या दिवशी सकाळी उठत नसे. गाडी बंद करून, दारे लावून मीटर मध्ये घातला तर ६०० मिलीअँपिअर जात होते. बंद गाडीतून ५० च्या आत जावेत. एकेक फ्यूज काढत गेलो. लिफ्टचा फ्यूज काढताच आकडा खाली आला. मागचे दार लागले हे ज्या छोट्या स्विचला कळायला हवे, तो वाकला होता. लिफ्टचा कंट्रोल डबा समजत होता की दार उघडे आहे, आणि रात्रंदिवस जागा राहत होता. ६०० मिलीअँपिअर म्हणजे दिवसाला साडेचौदा अँपिअर-अवर. बॅटरी ८० ची. चार दिवसांत काय उरणार? आणि शिशाची बॅटरी अशी वारंवार पूर्ण उतरली की आतून कायमची खराब होते, मग ती कितीही चार्ज करा. आता स्विच बदलला आहे, शिवाय लिफ्टच्या तारेवर बॅटरीजवळ कटऑफ बसवला आहे. गाडी उभी करताना तो फिरवायचा.

पाड्यावर बॅटरी उतरलीच तर धक्का मारून वेळ घालवू नका. नव्या डिझेल गाड्यांना इंजिनाच्या संगणकाला वीज लागते, बॅटरी पार बसली तर धक्क्याने उठत नाहीत. दुसऱ्या गाडीवरून केबल लावताना आधी लाल दोन्हीकडे, मग काळी चांगल्या बॅटरीला, आणि काळीचे शेवटचे टोक आपल्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, ठिणगी तिथे नको. विडी तर नकोच.

जाकिटे, वह्या, घोंगड्या देणारे पुष्कळ आहेत, त्यांचे आभार. व्हॅन घ्यायच्या वेळीही पैसे उभे राहिले. पण तार, लग, फ्यूज आणि डिस्टिल्ड वॉटरसाठी कोणी नाव लिहीत नाही. अशा पावतीवर फोटो निघत नाही ना! समितीला माझी एकच मागणी आहे. लिफ्टसाठी वेगळी दुसरी बॅटरी आणि दोन बॅटऱ्यांमधला रिले बसवावा. लिफ्टने तिची बॅटरी संपवली तरी गाडीची शाबूत राहील आणि माणूस निदान दवाखान्यात पोहोचेल. मजुरी मी घेणार नाही, सामानाचे तुम्ही बघा.

बाबांची जखम आता भरत आली आहे असे सिस्टर सांगतात. पुढच्या गुरुवारी पुन्हा त्यांची तारीख आहे.

दांडा आता मागच्या दाराच्या डाव्या बाजूला, लाल पट्ट्याने बांधलेला आहे. त्याच्यापुढे पोती ठेवायची नाहीत. गाडी बाहेरच उभी आहे. चहा झाला की दोघादोघांनी या, व्हॉल्व्ह सोडून लिफ्ट खाली घ्या आणि हाताने पंप मारून वर न्या. मी खुर्चीत बसतो, वजनाला.