साठीपुढील स्त्रिया आणि न नोंदलेले अत्याचार
राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालात बलात्कारपीडितांसाठी ‘साठ व त्यावरील’ असा स्वतंत्र वयोगट असला, तरी त्यात मोजली जाते ती नोंदलेली तक्रार, घडलेला अत्याचार नव्हे. पिंपरी-चिंचवड, चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात मुले-सुना पाळीवर गेल्यावर म्हातारी एकटी उरते. अत्याचारी देखभाल करणारा वा नात्यातलाच असेल, तर ‘या वयात कोण विश्वास ठेवणार’ म्हणून ती गप्प बसते, आणि दंडावरचे वळ ‘न्हाणीत घसरले’ म्हणून खपवले जातात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार, म्हणजे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यानुसार, तक्रार महिला अधिकाऱ्याने नोंदवायची असते; पीडितेला तात्पुरते का होईना अपंगत्व असल्यास ती तिच्या घरी वा तिने निवडलेल्या सोयीच्या ठिकाणी येऊन नोंदवावी लागते, तर खासगी रुग्णालयालाही उपचार विनामूल्य द्यावे लागतात.