खाऊच्या पिशवीचा हिशेब

वाढदिवसाला आलेल्या मुलांना परत जाताना खाऊची पिशवी देण्याची रीत आता मालवण किनाऱ्यावरही आली आहे. त्या पिशवीत परगावचे प्लॅस्टिक कशाला? कापडी पिशवी, सावंतवाडीच्या चितारआळीतला लाकडी भोवरा आणि जत्रेत मिळतो तसा गुळाचा खाजा, एवढे पुरे. बायकांच्या बचतगटाला हा धंदा जमण्याजोगा आहे. पण हिशेबात एक चूक हमखास होते.

समजा, मालाला ६० रुपये पडले आणि पिशवी ७५ ला विकली. १५ रुपये नफा! शिवण्या-भरण्यास अर्धा तास धरला, तर आठ तासांत १६ पिशव्या, म्हणजे २४० रुपये. १९७७ साली रोजगार हमीचा कायदा करणाऱ्या या राज्यात २०२५-२६ साली त्या कामाची मजुरी ३१२ रुपये होती. तेव्हा याला नफा म्हणणे ही स्वतःचीच फसवणूक होय. एस.टी.चे भाडे आणि उधारी (ती बहुधा शेजाऱ्यांचीच!) अजून धरलेली नाही.

प्रत्येक पिशवीमागे साडेएकोणीस रुपये मजुरी आधी धरावी, मग भाव ठरवावा. तो ८० च्या खाली येत नाही. गिऱ्हाईक ७५ वरच अडून बसले, तर खाजाची पुडी लहान करावी. मजुरीला हात लावू नये.