वाकलेली पाठ आणि वाघ

परदेशांतील समुद्रकिनाऱ्यांवर गुडघाभर पाण्यात धातुशोधक यंत्र फिरवीत हरवलेली नाणी व अंगठ्या धुंडाळणारे हौशी लोक दिसतात. कान यंत्राकडे, दृष्टी वाळूकडे; अशा वेळी एखादा शार्क जवळ आला तरी त्यांस ते फार उशिरा कळते. हे भय आपल्याकडे अगदीच अपरिचित नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये पालघर जिल्ह्यात मनोरजवळ वैतरणेत मासेमारीस उतरलेल्या एका तरुणाच्या पायाला शार्कने जबर चावा घेतला. परंतु मान खाली घालून काही शोधावे आणि त्याच वेळी हिंस्र पशूच्या वाटेत असावे, हा योग ज्यांच्या नशिबी दरसाल येतो, ती माणसे समुद्रापासून शेकडो कोस दूर, चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यांत राहतात. त्यांचा शोध मात्र हौसेचा नव्हे.

मार्च-एप्रिलात मोहाची रसाळ फुले पहाटे टपटप गळतात. ती नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा झाडतात, कित्येकदा जाळतातही. त्यातून वणवे लागतात, पण तो विषय निराळा. उजाडण्यापूर्वी झाडाखाली पोचावे लागते, कारण उशीर झाला की गुरे व हरणे आपला हिस्सा नेतात. अस्वलास तर मोह किती प्रिय, हे तिकडील लहान पोरही सांगेल. मोह सरतो न सरतो तोच तेंदूचा हंगाम येतो. बिडीसाठी कोवळे पान हवे, आणि ते मिळते खुरट्या झुडपांवर. म्हणून ते कमरेत वाकूनच खुडावे लागते. सत्तर पानांचे एक पुडके बांधावयाचे, फळीवर नेऊन मोजून द्यावयाचे, आणि मजुरी पुडक्यांच्या हिशेबाने घ्यावयाची. खरिपाचे बियाणे पुष्कळ घरी याच पैशातून येते.

वाघ स्वभावतः माणसास टाळतो. परंतु झुडपाआड वाकलेला किंवा उकिडवा बसलेला माणूस त्यास चतुष्पादासारखा भासत असावा, असे जाणकार मानतात. शिवाय वाघ बहुधा मागून येतो, आणि पाने खुडणाऱ्याची पाठ सदैव उघडी असते. १० मे २०२५ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने आणावयास गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडल्या. हे रान ताडोबाच्या संरक्षित क्षेत्राबाहेरचे. त्या भागात वाघ, शेत आणि गाव यांची शीव एकच आहे.

उपाय सांगितले जातात ते योग्यच आहेत: एकट्याने जाऊ नये, बोलत-हाका मारीत राहावे, सूर्य वर आल्याखेरीज रानात शिरू नये. सुंदरबनात १९८० नंतरच्या दशकात डोक्याच्या मागील बाजूस माणसाचा मुखवटा बांधण्याचा प्रयोग झाला आणि काही काळ त्याचा गुणही आला. तथापि उपदेश करणाऱ्याने पुडक्यांचा हिशेब मांडून पाहावा. घोळक्याने गेले तर एकाच झुडपावर दहा हात पडतात. म्हणून माणसे पांगतात. उन्हे वर येईपर्यंत थांबले तर मोह हातचा जातो. सावधगिरीची किंमत मजुरीतून कापली जात असेल, तर ती पाळली जाणार नाही. यात अज्ञान नाही, गरज आहे.

दहा जणांच्या टोळीत एकाने केवळ उभे राहून पहारा करावा, पान खुडू नये, असे ठरविणे कठीण नाही. प्रश्न एवढाच, की त्याच्या पुडक्यांचे पैसे कोणी द्यावे? गडचिरोलीतील अनेक ग्रामसभा आज आपला तेंदू स्वतः विकतात. दर ठरवितानाच पहारेकऱ्याचा वाटा त्यांत धरणे त्यांच्या हाती आहे. जेथे ठेकेदार आहे, तेथे तो त्याच्या करारात घालावयास हवा. वाघाने माणूस मारल्यास सरकार कुटुंबास पंचवीस लाख रुपये देते. पहाऱ्यास उभ्या राहणाऱ्या माणसाची हंगामाची मजुरी त्या मानाने किती अल्प!